छप्पन्नशे जी

"लाइट नसतील तर तो गेमिंग कॉम्प्युटर कसला?" हर्षल म्हणाला. "काका, निदान पंखे तरी रंगीत घ्या."

"रंगीत पंख्यानं गेम जोरात पळतो का?" ज्ञानूच्या पप्पांनी मान वर न करता विचारलं.

"पळत नाही. पण दिसतो भारी."

"मग आपल्या म्हशीच्या शिंगांनाही लाव. दूध तेवढंच देईल, पण दिसेल भारी."

ज्ञानू हसली आणि लगेच गप्प झाली. पप्पा मोटारीत भरायच्या तारेचे वेढे मोजत होते. वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा दुकानातला एकच कडक नियम होता, आणि तो सगळ्यात जास्त वेळा पप्पाच मोडायचे.

देवळाली प्रवऱ्याला, कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि नवी तांब्याची तार भरून परत जायच्या. उसाची ट्रॉली रस्त्यावरून गेली की भिंतीवरचे पाने खुळखुळायचे. दिवाळीच्या सुट्टीचा तो शेवटचा रविवार होता. उद्या शाळा. त्याआधी आज ज्ञानूच्या पहिल्या कॉम्प्युटरची यादी पुरी करायची, असं ठरलं होतं.

हर्षल हा ज्ञानूचा चुलत भाऊ. तो बारा वर्षांचा, ती तेरा. लाइटचा मुद्दा त्याने सकाळपासून चौथ्यांदा काढला होता.

पप्पांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं. पण विचारायचं काय, हे त्यांना पक्कं कळत होतं. प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असायचा: "ह्याची त्याच्याशी सोयरीक जमते का?" मग ज्ञानू मोबाईलवर शोधायची. प्रोसेसर त्या मदरबोर्डाच्या सॉकेटात बसतो का, बोर्डाला कुठली रॅम चालते, पॉवर सप्लायला पुढे मोठं ओझं झेपेल का. जमतंय म्हटल्यावर पप्पा मोटारीला बांधायच्या जाड कार्डावर त्या वस्तूचं नाव लिहायचे आणि पुढे बरोबरची खूण करायचे.

पैसे कुठे घालायचे, हेही त्यांनी बोअरच्या हिशेबानेच ठरवलं. दोनशे फूट खाली सोडायची ती मोटार चांगली घ्यावी, कारण ती बदलायची तर सगळा पाइप उपसावा लागतो. वरचा स्टार्टर साधा असला तरी चालतो, तो कधीही बदलता येतो. म्हणून मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय चांगला. कॅबिनेट साधं. ग्राफिक्स कार्ड फार महाग होतं, ते पुढच्या दिवाळीला. तोवर ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय आहे, असा प्रोसेसर घ्यायचा. तसा एक ज्ञानूला सापडला होता: छप्पन्नशे जी.

"ते शेवटचं अक्षर कशाला?" पप्पांनी विचारलं.

"तेच महत्त्वाचं आहे. जी असला तर चित्र, नसला तर नाही."

पप्पांनी ते अक्षर दुसऱ्यांदा गिरवून ठळक केलं.

कार्ड भरेपर्यंत पाच वाजले. ते खिळ्याला अडकवून तिघांनी भेळभत्ता खाल्ला. हर्षलने लाइटचा मुद्दा पाचव्यांदा काढला आणि पप्पांनी त्याच्या हातात व्हार्निशचा ब्रश दिला. घरी जाताना ज्ञानू पप्पांच्या पुढे पळाली, कारण तिला दप्तर भरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापत असताना, पप्पांच्या छातीत कळ आली. राहुरीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते.

घरी खूप माणसं आली. सगळे एकच वाक्य बोलत होते, दारात, फोनवर, ओसरीवर: सहादेव वारला. ज्ञानूने मात्र ते वाक्य कधी उच्चारलं नाही. शाळेत नव्या सरांनी वडिलांची सही मागितली तेव्हा ती म्हणाली, आईची आणते. सरांनी पुढे विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

*

मे महिन्यात एका संध्याकाळी तात्या आले. तात्या म्हणजे हर्षलचे वडील, पप्पांचे थोरले भाऊ. त्यांचं नाव कारभारी. दहा एकर ऊस, भरघोस मिशी, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' लावायची सवय. ते कंडक्टरला जी म्हणत, डॉक्टरांना जी म्हणत, गोठ्यातल्या कालवडीलासुद्धा 'सरक जी' म्हणत.

"सहादेवनं पोरीला कबूल केल्यालं हाय," ते ज्ञानूच्या आईला म्हणाले. "ते आपन करायचं जी."

त्यांनी कार्ड समोर धरलं आणि नगरच्या छगनशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन करून यादी वाचून दाखवली. चार दिवसांनी ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेले तेव्हा येताना खोकी घेऊन आले.

सहा महिने बंद असलेलं पप्पांचं दुकान उघडलं. आईने बाक पुसून दिला आणि ती घरी गेली. ज्ञानू, हर्षल आणि शौनक, तिघे जोडणीला बसले. शौनक ज्ञानूच्या वर्गातला. त्याची आई, मधुवंतीबाई, त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. घरातला जुना मॉनिटर त्याने आणला होता, आणि मदरबोर्डाचं माहितीपुस्तक तो पहिल्या पानापासून वाचत होता.

"हा साबणाच्या वडीवरचंसुद्धा वाचतो," हर्षल म्हणाला.

"म्हणून मला खाज येत नाही," शौनक म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

हर्षल खोक्यांवरचे आकडे बघून कार्डावर टिक करत होता. ज्ञानूने प्रोसेसर सॉकेटात अलगद ठेवला, वर पंखा बसवला, रॅम दाबली. दोन तासांनी सगळं जागेवर होतं. तिने बटण दाबलं.

पंखे फिरले. हर्षल नाचला. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल' अशी पाटी आली, आणि ती हलेना. त्यांनी केबल बदलली. रॅम काढून पुन्हा बसवली, मग एकेक करून बसवली. मॉनिटर शौनकच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरला लावला तर ठणठणीत चालला. परत इथे आणला की नो सिग्नल.

संध्याकाळी तात्यांनी छगनशेठला फोन लावला. छगनशेठ म्हणाले, तुमच्या यादीत ग्राफिक्स कार्डच नाही, मग चित्र येणार कुठून? यादी करणाऱ्याला एवढंही कळलं नाही का? कार्ड घेऊन जा, लगेच चालू होईल.

कार्डाची किंमत ऐकून तात्यांनी मिशी चोळली. मग त्यांनी ज्ञानूच्या डोक्यावर हात ठेवला.

"सहादेव मोटारीतला मानूस. ह्यातलं त्याला काय म्हाईत असनार? चुकलं असंल. ऊस गेल्यावर आपन कार्ड घिऊ जी."

ते अगदी मायेने बोलले, आणि म्हणूनच ज्ञानूला ते जास्त लागलं. बोर्ड बिघडलेला निघाला असता, केबल खराब निघाली असती, तिला चाललं असतं. चूक पप्पांच्या यादीत निघायला नको होती.

*

सकाळी तिने दोघांना पुन्हा दुकानात बोलावलं.

"भरलेली मोटार फिरली नाही तर पप्पा काय करायचे?" तिने हर्षलला विचारलं.

"शिव्या द्यायचे."

"त्यानंतर."

"सगळी उघडून पहिल्या वेढ्यापासून मोजायचे."

"मग आपणही तेच करू. आकडा नाही वाचायचा, एकेक अक्षर वाचायचं."

ज्ञानू कार्ड वाचू लागली, हर्षल खोकी. मदरबोर्ड जुळला. रॅम जुळली. मग प्रोसेसर आला.

"पाच, सहा, शून्य, शून्य," हर्षलने वाचलं.

"पुढे?"

"पुढे काय? संपलं."

"संपेल कसं? जी आहे पुढे."

हर्षलने खोकं सहाही बाजूंनी फिरवलं. झाकण उघडून आतून बघितलं. जी कुठेच नव्हता. काल टिक करताना त्याने फक्त आकडे जुळवले होते, हे त्याचं त्यालाच आठवलं आणि त्याचे कान लाल झाले.

"त्रेसष्टावं पान," शौनक शांतपणे म्हणाला. "बोर्डावर चार बारीक दिवे आहेत. आपण चालू केलं की शेवटचा जळत राहतो. इथं लिहिलंय, तो जळत राहिला तर चित्र दाखवणारं काही सापडलं नाही असं समजावं."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल मी एकोणचाळिसाव्या पानावर होतो."

ज्ञानूने लगेच छगनशेठच्या दुकानात फोन लावला. छगनशेठ घाईत होते. सांगितलं तेच दिलंय, ते म्हणाले. खोकं फोडलं ना? मग फोडलेला माल परत घेत नाही. "आणि हे बघ बाळा, पप्पांना फोन दे. मोठ्या माणसाशी बोलतो मी."

"ते बाहेर गेलेत," ज्ञानू म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हर्षलने खोक्याचं झाकण लावलं. शौनक पुस्तकात बघत राहिला, पण पान उलटत नव्हतं.

मग तिघे तात्यांकडे गेले. तात्या बांधावर बसले होते. मी कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचलंय, एक अक्षर सोडलं असेल तर मिशी उतरवीन, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खताच्या दुकानातून होता.

"व्हय जी. धा-सव्वीसच्या चार गोन्या जी. परवा येतो जी."

शौनकने हळूच ज्ञानूकडे बघितलं. ज्ञानू तात्यांकडे बघत होती.

"तात्या," फोन झाल्यावर ती म्हणाली, "छगनशेठना रॅम काय सांगितली होती?"

"सोळा जीबी जी."

"आणि कॅबिनेट?"

"साधं जी. लाइट न्हाई जी."

"आणि प्रोसेसर?"

"छप्पन्नशे जी."

हर्षल आधी फुटला. तो बांधावरून खाली सरीत जाऊन पडला तरी हसत होता. शौनकने चष्मा काढून पुसला. तात्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"खूळ लागलं का काय जी?"

सांगून टाकायचं हर्षलच्या ओठांवर आलं होतं. ज्ञानूने त्याचा शर्ट ओढला. तात्यांना कळलं तर ते पुढच्या वेळी जपून बोलणार, आणि छगनशेठ म्हणणार की ही पोरं गोष्टी रचतात. छगनशेठच्या स्वतःच्या हाताने ती चूक पुन्हा झाली पाहिजे, तीही आपल्या डोळ्यांसमोर.

*

गुरुवारी मधुवंतीबाईंना नगरला पुस्तकांचं काम होतं. त्यांनी तिघांना एसटीने बरोबर न्यायचं कबूल केलं. जोडलेला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून हर्षलने मांडीवर घेतला. आत काय आहे, असं कंडक्टरने विचारलं.

"पेशंट आहे. डोळ्यांनी दिसत नाही त्याला."

"मग त्याचं अर्धं तिकीट काढ," कंडक्टर म्हणाला आणि पुढे गेला.

बाई त्यांना दुकानात सोडून शेजारच्या गल्लीत गेल्या. छगनशेठ साठीचे, गोल चेहऱ्याचे. एक फोन कानाशी, एक गल्ल्यावर, समोर पॅड. गोधडी उघडल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मी सांगितलंय ना, फोडलेला माल परत नाही. ज्ञानूने फक्त दहा मिनिटं थांबू द्यायची विनंती केली. थांबायला काय जातंय, म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

बरोबर अकराला गल्ल्यावरचा फोन वाजला. तात्यांना तिने एवढंच सांगून ठेवलं होतं की अकरा वाजता फोन करा आणि मी सांगते त्या तीन वस्तूंचे भाव विचारा. का, ते विचारू नका. तात्यांनी कुरकुर केली होती, पण वेळ चुकवली नव्हती. दुकानात पोरं-टोरं, गिऱ्हाइकांची गडबड. छगनशेठनी स्पीकर चालू केला आणि पेन उचललं.

"राम राम जी. एक साधं कॅबिनेट, काय भाव जी?"

छगनशेठनी लिहिलं: साधं कॅबिनेट.

"एक पाचशेची एसएसडी जी."

लिहिलं: एसएसडी पाचशे.

"आन एक प्रोसेसर. छप्पन्नशे जी."

"छप्पन्नशे?"

"व्हय. छप्पन्नशे जी."

पेन पॅडवर फिरलं: पाच, सहा, शून्य, शून्य. खाली रेघ. भाव मागून कळवतो म्हणून छगनशेठनी फोन ठेवला.

"काका," ज्ञानू म्हणाली, "त्यांनी प्रोसेसर कुठला मागितला?"

"हा काय. छप्पन्नशे."

"आणि ते काय म्हणाले?"

"छप्पन्नशे..." छगनशेठ थांबले. त्यांनी पॅडकडे बघितलं, मग बाकावरच्या उघड्या कॉम्प्युटरकडे, मग ज्ञानूने पुढे केलेल्या कार्डाकडे. तिथे ठळक गिरवलेलं अक्षर होतं. त्यांनी तोच नंबर परत फिरवला.

"पाहुणे, त्या प्रोसेसरच्या पुढे काही आहे का?"

"हाय की. जी."

"ते ऐकलं. पण पुढे अक्षर काही?"

"जी जी."

"अहो, इंग्रजी जी, की आपलं नेहमीचं जी?"

पलीकडे कालवड हंबरली.

"दोनी हायेत जी," तात्या म्हणाले.

छगनशेठनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, मग चष्मा काढावा लागला. हर्षल तर काउंटरला धरून उभा होता. हसू ओसरल्यावर छगनशेठनी मागच्या फडताळातून एक खोकं काढलं आणि ज्ञानूसमोर ठेवलं. नावाच्या शेवटी जी होता.

"फोडलेला माल मी घेत नाही," ते म्हणाले. "पण ही चूक माझी. ऑर्डर परत वाचून दाखवायला हवी होती. शिवाय यादीलाच नावं ठेवली. बदलून घे. वरचा फरक नको."

तात्यांनी फोन ठेवलाच नव्हता. "सुरू हुतंय का बघा जी," ते फोनमधून म्हणाले. "मी थांबलोय."

छगनशेठ कारागिराला हाक मारणार होते, पण ज्ञानूने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. तिने कॉम्प्युटर आधी दहा मिनिटं नुसता चालू ठेवला, म्हणजे पंखा आणि प्रोसेसरमधली पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, पंखा सरळ न उपटता अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवला. जुना प्रोसेसर उचलला, नवा कोपऱ्याची खूण बघून ठेवला. तो आपल्या वजनाने खाली बसला. मग नवी पेस्ट लावून तिने पंखा परत बसवला. शौनकने पुस्तक बंद केलं. आता वाचायचं काही उरलं नव्हतं.

छगनशेठनी स्वतःच्या मॉनिटरची केबल दिली. ज्ञानूने बटण दाबलं.

पंखे फिरले. बोर्डावरचे चार दिवे एकामागून एक लागले आणि विझले. शेवटचाही विझला. पडदा काळा होता, तो जरा उजळला, आणि त्यावर बोर्डाचं नाव उमटलं.

"आलं!" हर्षल ओरडला. "तात्या, आलं!"

"आलं का जी," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मग ते म्हणाले, "सहादेवचं बरुबर हुतं म्हनायचं. चुकलं माझंच."

मधुवंतीबाई काम उरकून दारात येऊन उभ्या होत्या. छगनशेठनी ज्ञानूचं कार्ड उचललं, आणि आता पहिल्यांदा ते सगळं वाचलं. एकेक ओळ, एकेक खूण. वाचताना ते मान हलवत होते.

"माझ्याकडे रोज पोरं येतात," ते बाईंना सांगू लागले. "पंख्याला लाइट पाहिजे, समोर काच पाहिजे. पॉवर सप्लाय मात्र सगळ्यात स्वस्त द्या म्हणतात. आणि ही यादी बघा. कुठे खर्च करायचा, कुठे थांबायचं, पुढच्या वर्षी काय बसेल, सगळं बघितलंय. आणि ह्या पोरांनी तर आज मला माझ्याच पॅडवर पकडलं." ते ज्ञानूकडे वळले. "कुणी केली गं ही?"

"माझ्या पप्पांनी आणि मी."

"मग बरोबर. काय करतात पप्पा?"

"मोटारी भरतात," ज्ञानू म्हणाली.

"त्यांना म्हणावं, एकदा दुकानात या. ह्या बाकावर बसून चहा पिऊ आपण. अशी माणसं भेटत नाहीत."

ज्ञानूने पडद्याकडे बघितलं. बोर्डाच्या नावाखाली एक छोटी रेघ उघडझाप करत होती. काउंटरवरच्या फोनमधून तात्यांचा श्वास ऐकू येत होता.

"भरतात नाही," ती म्हणाली. "भरायचे. काका, माझे पप्पा नोव्हेंबरमध्ये वारले."